अफवेचे सहा तास: नागपूरच्या प्रशासनाला आणि धार्मिक-राजकीय मंडळींना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, नागपूर शहर
मा. जिल्हाधिकारी, नागपूर
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका
तसेच शहरातील उत्सव मंडळे, मशीद व दर्गाह कमिट्या, विहार समित्या आणि सर्व राजकीय पक्षांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

१७ मार्च २०२५ रोजी सकाळी महाल भागात औरंगजेबाच्या कबरीविरोधात निदर्शने झाली आणि प्रतीकात्मक कबर जाळली गेली. तिच्यावर टाकलेल्या हिरव्या कापडावर धार्मिक मजकूर होता, अशी अफवा मग पसरली. संध्याकाळी चिटणीस पार्क, भालदारपुरा भागात दगडफेक सुरू झाली आणि रात्री हंसापुरीत गाड्या पेटल्या. तीन उपायुक्तांसह तीसहून अधिक पोलीस जखमी झाले, जखमींपैकी एका नागरिकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला, अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. हातावर पोट असलेल्या हजारो घरांची त्या आठवड्याची कमाई बुडाली, तिची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नाही.

निदर्शने आणि पहिला दगड यांच्यामध्ये सहा-सात तास गेले. धर्म, राजकारण आणि हिंसा यांच्या नात्याचा, आणि हे नाते गल्लीच्या पातळीवर कसे तोडता येते याचा, आम्ही बरीच वर्षे अभ्यास करत आलो आहोत. त्या अभ्यासावरून आमचे ठाम मत आहे की हे सहा तास वापरता आले असते. ते कसे, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आधी एक फरक. दहशतवादी हल्ला आणि दंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा बंदोबस्तही वेगळा. १ जून २००६ च्या पहाटे महालातल्या संघ मुख्यालयावर हल्ला करायला तीन सशस्त्र अतिरेकी अँबॅसडर गाडीतून, पोलिसांच्या वेशात आले. नागपूर पोलिसांनी त्यांना वाटेतच गाठून ठार केले. तिथे उपयोगी पडली ती आधी मिळालेली खबर आणि सज्ज तुकडी. मोजकी माणसे, ठरलेले लक्ष्य, बाहेरून आलेली शस्त्रे, असे त्या हल्ल्याचे रूप होते. दंगलीत शस्त्र म्हणजे गल्लीतल्या बांधकामाचा मलबा असतो, माणसे याच वस्तीतली किंवा शेजारच्या वस्तीतली, आणि त्यांपैकी बहुतेकांनी सकाळी उठताना असे काही ठरवलेले नसते. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की बिघडते. दंगलीनंतर आख्ख्या मोहल्ल्याला अतिरेक्यांचा अड्डा समजून धाडी घातल्या, तर पुढच्या वेळी खबर देणारा माणूसच उरत नाही.

दोन्हींना जोडणारा एक धागा मात्र आहे. माणूस हिंसेपर्यंत कशाने पोहोचतो, हा तो धागा. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आफ्रिकेत बोको हराम, अल-शबाब अशा अतिरेकी गटांत स्वतःहून सामील झालेल्या ४९५ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी कबूल केले की धर्मग्रंथ आपल्याला फारसे किंवा अजिबात कळत नाहीत, काहींनी तर ते कधी वाचलेच नव्हते. निदान सहा वर्षे धार्मिक शिक्षण घेतलेल्यांची अशा गटात जाण्याची शक्यता उलट कमी आढळली. आणि ७१ टक्क्यांनी सांगितले की शेवटचा धक्का सरकारी यंत्रणेच्या एखाद्या कृतीने दिला, बहुतेकदा घरच्याच्या किंवा मित्राच्या अटकेने वा हत्येने. बोको हरामचा पहिला म्होरक्या मोहम्मद युसूफ २००९ च्या जुलैत पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. संघटना तिथेच संपायला हवी होती. ती त्यानंतर कित्येक पटींनी क्रूर झाली.

म्हणून ‘धर्माचे अज्ञान’ आणि ‘धर्माचे वेड’ यांत आम्ही फरक करतो. मशिदीतल्या किंवा देवळातल्या जाणत्या माणसाला संशयित समजण्याऐवजी त्याला या कामात आधी घ्या. भडकलेल्या पोराला ‘आपल्या धर्मात हे बसत नाही’ असे सांगायचा अधिकार वस्तीने त्यालाच दिलेला असतो, ठाणेदाराला नव्हे.

राजकीय पक्षांशी थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण आग लावणाऱ्या पक्षाला वाटते की ती आपल्या ताब्यात राहील. श्रीलंकेचे उदाहरण पाहा. १९५६ च्या निवडणुकीत एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांनी ‘फक्त सिंहली’ ही घोषणा दिली. संघटित बौद्ध भिक्खूंनी गावोगाव त्यांचा प्रचार केला आणि ते मोठ्या बहुमताने निवडून आले. सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा लगेच झाला. देश पेटतोय हे दिसल्यावर त्यांनी १९५७ मध्ये तमीळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. पुढच्याच वर्षी भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठिय्या दिला आणि करार मोडायला लावला. २५ सप्टेंबर १९५९ रोजी एका भिक्खूने त्यांना त्यांच्याच घरी गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी ते वारले. कटामागचा मुख्य सूत्रधार एका मोठ्या विहाराचा प्रमुख होता, निवडणुकीत त्यांच्यासाठी राबलेला. देशाला याची किंमत पंचवीस वर्षांहून जास्त चाललेल्या यादवी युद्धाने मोजावी लागली.

अशी माणसे मोजायला बसलो तर यादी थांबत नाही. १९४८ मध्ये गांधीजी, १९८१ मध्ये इजिप्तचे अन्वर सादात, १९९५ मध्ये इस्रायलचे यित्झाक राबिन, २०११ मध्ये पाकिस्तानी पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर. या सगळ्यांना मारणारे त्यांच्याच धर्माचे होते, आणि तासीर यांचा मारेकरी तर त्यांच्याच सुरक्षेला नेमलेला पोलीस. धर्माच्या नावाने कडवेपणा वाढला की आधी निशाण्यावर येतो तो त्याच धर्मातला समजुतीने बोलणारा. हिंदू पक्ष असो की मुस्लिम, आपल्या व्यासपीठावरून कुणी ‘बदला’ हा शब्द उच्चारला तर माइक काढून घेण्याची जबाबदारी आयोजकाची आहे. ती लेखी घ्या. सभेच्या परवानगीच्या अर्जात तसे कलम घाला आणि त्याखाली आयोजकाची सही घ्या.

आता अफवेकडे येतो, कारण या पत्राचा जीव तिथे आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत श्रीलंकेतल्या अंपारा गावी मुस्लिम मालकाच्या खानावळीत एका गिऱ्हाइकाला रश्शात एक गोळा सापडला. ती सिंहली माणसांना नपुंसक करणारी गोळी आहे, असा गलका झाला. मालकाला सिंहली नीट येत नव्हते. घाबरून त्याने मान डोलावली, त्याची चित्रफीत झाली आणि ती ‘कबुली’ म्हणून फेसबुकवर फिरली. त्याच रात्री खानावळ आणि मशीद फोडली गेली. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा कळले की तो पिठाचा गोळा होता. पण अहवाल येईपर्यंत कँडी जिल्ह्यात घरे-दुकाने जळाली होती आणि ६ मार्चला देशात आणीबाणी लावावी लागली होती. म्यानमारमध्ये २०१४ च्या जुलैत मंडाले शहरात मुस्लिम चहावाल्याने बौद्ध मोलकरणीवर बलात्कार केल्याची बातमी फेसबुकवर आली, दोन माणसे मारली गेली, एक बौद्ध आणि एक मुस्लिम. तक्रार खोटी निघाली.

दोन्हीकडे एकच घडले: खरे काय ते सांगणारी यंत्रणा दिवसांच्या हिशेबाने चालली आणि अफवा मिनिटांच्या.

इंडोनेशियातल्या अंबोन शहराने हे उलटवून दाखवले. १९९९ मध्ये तिथे मिनीबसचा चालक आणि एक तरुण यांच्या भांडणातून ख्रिश्चन-मुस्लिम युद्ध पेटले होते, ते तीन वर्षे चालले आणि हजारो माणसे मेली. २०११ च्या सप्टेंबरात मोटारसायकलवर भाडे मारणारा एक मुस्लिम चालक अपघातात मेला आणि त्याचा ख्रिश्चनांनी खून केल्याचे एसएमएस सुटले. या वेळी दोन्ही धर्मांच्या तरुणांचे एक जाळे आधीच तयार होते. ‘अमुक चर्च जाळले’ असा संदेश आला की त्या भागातला त्यांचा माणूस तिथे जाऊन उभ्या चर्चचा फोटो काढून पाठवायचा. ‘तमुक मशीद पाडली’ म्हटले की मशिदीचा फोटो. त्या वेळीही जीव गेले, घरे जळाली, पण १९९९ परत आले नाही. केनियातल्या टाना नदीच्या खोऱ्यात २०१२-१३ च्या कत्तलींनंतर ‘उना हाकिका’ नावाची सेवा सुरू झाली. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘तुला खात्री आहे का?’. गावकरी ऐकलेली अफवा एका क्रमांकावर कळवतात, गावोगावचे स्वयंसेवक खातरजमा करतात, आणि उत्तर त्याच भागातल्या फोनांवर परत जाते.

नागपूरसाठी आम्ही हेच सुचवतो, आणि त्याला नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. कोतवाली, तहसील, गणेशपेठ, पाचपावली, लकडगंज या पाच ठाण्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक ठाण्यात पाळीला एक असे तीन अंमलदार फक्त या कामाला. पाळीतल्या किमान एकाला उर्दू वाचता यायला हवी, कारण मजकूर वाचता येत नाही म्हणून खातरजमा लांबते. प्रत्येक ठाण्यामागे वस्तीतली वीस माणसे. ती नेत्यांच्या यादीतून घेऊ नका. पानठेलेवाला, औषधाच्या दुकानातला माणूस, ऑटोवाले, सकाळी पेपर टाकणारा, आशा सेविका, मशिदीतले मुअज्जिन, देवळातले गुरव. हे लोक दिवसभर चौकात असतात, चेहऱ्याने ओळखले जातात आणि निवडणुकीला उभे राहणार नसतात. त्यांना खबरी समजू नये आणि त्यांच्याकडून माणसांची नावे मागू नयेत. एकदा जरी त्यांच्या माहितीवरून शेजारच्या पोराला उचलले, तर ही साखळी त्याच दिवशी संपली.

काम असे चालेल. अफवा कळली की दहा मिनिटांत तिची नोंद: नेमके शब्द, वेळ, कुठून आली, आवाज की चित्र की चित्रफीत. अर्ध्या तासात दोन माणसे जागेवर, एक या समाजाचा आणि एक त्या, दोघे एकत्र. तासाभरात उत्तर बाहेर. उत्तराची पहिली ओळ खरे काय घडले ती असावी. अफवा आधी सांगून मग ती खोडण्याची सवय सोडा. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात पहिले वाक्य राहते आणि तेच तो पुढे सांगतो. उत्तरात ठिकाण, तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याचे नाव हवे, कारण जुने संदेश वर्षभराने पुन्हा फिरतात. मजकुराबरोबर चाळीस सेकंदांची ध्वनिफीतही काढा, ठाणेदाराच्या स्वतःच्या आवाजात, मराठी, हिंदी आणि उर्दूत. वस्तीला तो आवाज ओळखीचा असतो. मुख्यालयातून आलेले छापील पत्रक कुणी उघडतसुद्धा नाही.

‘अफवांवर विश्वास ठेवू नका, शांतता राखा’ हा संदेश एकट्याने पाठवणे बंद करा. त्यातून काहीच कळत नाही. ज्याने अफवा ऐकली नव्हती त्याला मात्र काहीतरी झाले आहे एवढे पक्के कळते आणि तो शोधायला लागतो.

यात चुकते कुठे, तेही सांगतो. पहिली चूक, अफवेतला खरा भाग लपवणे. कुठे कापड जळाले असेल तर जळाले म्हणा, त्यावर काय होते आणि काय नव्हते तेही म्हणा. एक गोष्ट लपवलेली उघड झाली की पुढची दहा खरी उत्तरे वाया जातात. दुसरी चूक, केलेली कारवाई न सांगणे. १७ मार्चला निदर्शकांवर गणेशपेठ ठाण्यात गुन्हा त्याच दिवशी नोंदवला गेला, हे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. संध्याकाळच्या नमाजाआधी गुन्हा क्रमांक आणि कलमे मोमीनपुऱ्यातल्या प्रत्येक मशिदीच्या फळ्यावर लागली असती, तर ठाण्यापुढे जमलेल्यांच्या हातात घरी परतण्याचे कारण असते. तिसरी चूक, घाईने इंटरनेट बंद करणे. अफवा तोवर तोंडोतोंडी पोहोचलेली असते आणि बंद पडते ते तिचे उत्तर. बंद करावेच लागले तर त्याआधी उत्तर पाठवा, आणि मशिदीचे भोंगे, देवळाचे स्पीकर, महापालिकेच्या कचरागाड्यांचे कर्णे यांवरून तोच मजकूर वाचा. चौथी चूक हळूहळू होते: चार महिने काही घडत नाही, नेमलेले अंमलदार दुसऱ्या बंदोबस्ताला जातात, फोन वाजत राहतो. म्हणून शांत दिवसांतही आठवड्याला एक खोटी अफवा ठरवून या साखळीत सोडा आणि उत्तर किती मिनिटांत आले ते मोजा. ती साखळीबाहेर जाऊ नये म्हणून तिचा विषय निरुपद्रवी ठेवा, ‘उद्या अमुक लेआउटमध्ये पाणी येणार नाही’ असा.

मिरवणुकांबद्दल. हा प्रश्न या शहराला नवा नाही. १९२३ मध्ये मशिदीसमोर वाद्ये वाजवण्यावरून इथे वाद पेटला आणि १९२७ च्या सप्टेंबरात महालक्ष्मीच्या मिरवणुकीच्या वेळी मोठी दंगल झाली. शंभर वर्षांनी रस्ता तोच आणि भांडणही तेच आहे, फक्त ढोलाच्या जागी डीजे आला. अशा जुन्या भांडणावर उत्तर आयर्लंडने एक व्यवस्था उभी केली. तिथे प्रोटेस्टंटांच्या मिरवणुका कॅथलिक वस्तीतून नेण्यावरून दरवर्षी जाळपोळ व्हायची. १९९८ मध्ये ड्रमक्री इथल्या अशाच मिरवणुकीच्या वादात वातावरण पेटलेले असताना बॅलिमनी गावी घरावर पेट्रोल बॉम्ब पडून तीन लहान भाऊ जळून मेले. त्याच वर्षी, या घटनेच्या काही महिने आधी, तिथे मिरवणुकांचा कायदा झाला होता आणि मार्ग ठरवण्याचे काम पोलीस आणि मंत्री यांच्याकडून काढून एका स्वतंत्र आयोगाकडे गेले. मिरवणुकीची सूचना २८ दिवस आधी द्यावी लागते, विरोधी निदर्शनाची १४ दिवस आधी. मार्ग, वेळ, सहभागी किती, वाद्यपथके किती, सगळे लिहून. आयोग सरसकट बंदी क्वचित घालतो, अटी घालतो. चर्चसमोरून जाताना सगळी वाद्ये बंद, पावले जुळवण्यापुरता एकाच ढोलाचा ठोका. अट मोडली तर तो गुन्हा.

एका ढोलाचा ठोका, ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. त्यात मिरवणूक थांबत नाही, मान जात नाही, आणि समोरच्याच्या प्रार्थनेलाही धक्का लागत नाही. नागपुरात ही अट सगळ्यांना सारखी लावा. रामनवमीच्या शोभायात्रेला, ईद-ए-मिलादच्या जुलूसला, मारबतीला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाच्या रॅलीला. कुठल्याही दुसऱ्या धर्मस्थळाच्या आधी पन्नास आणि नंतर पन्नास मीटर डीजे बंद, थांबणे बंद, घोषणा बंद. मेयो रुग्णालयाच्या भोवती तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांखाली शंभर मीटरचा शांतता विभाग जाहीर करता येतो.

मिरवणुकीचे प्रत्यक्ष काम दोन दिवस आधी सुरू होते. मार्गावरून मंडळाचे दोघे, वस्तीतले दोघे, बीट अंमलदार आणि महापालिकेचा झोनचा माणूस असे सहा जण पायी चालून जावेत. बघायचे काय, तर उघड्यावर पडलेला मलबा, विटा, फरशीचे तुकडे. ते महापालिकेने त्याच दिवशी उचलावेत, यासाठी एक टिप्पर पुरेसा आहे. गच्चीवर दगड साठलेत का, हे घरमालकाला विचारून, त्याच्यासोबत वर जाऊन पाहावे, ड्रोन फिरवून नव्हे. बंद पडलेले पथदिवे. डीजेची गाडी वळणार नाही अशी वळणे. गल्ली कागदावर रुंद असते आणि प्रत्यक्षात ठेले, पायऱ्या, उभ्या दुचाक्या यांनी निम्मी राहते. गाडी अडकली की मिरवणूक थांबते, आणि नेमकी थांबू नये तिथे थांबते.

बंदोबस्त पुढच्या टोकाला जास्त आणि शेपटाकडे कमी असतो, कारण पुढे पुढारी असतात. गडबड शेपटाकडे होते. पुढारी मुक्कामी पोहोचून हारतुरे स्वीकारत असतात तेव्हा मागे दीड किलोमीटरवर बाहेरून आलेली, कुणाच्याच ओळखीची नसलेली पोट्टी रेंगाळत असतात. मंडळाच्या अध्यक्षाने शेवटच्या गाडीसोबत चालावे, ही अट परवानगीत घाला. दर पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक, त्याच्या छातीवर नाव आणि मंडळाचे नाव. आणि वेळ पाळा. मिरवणूक दोन तास उशिरा निघाली की ती नेमकी दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी पोहोचते आणि मग तो योगायोग होता यावर कुणाचाही विश्वास बसत नाही.

गुन्हा घडून गेल्यावर काय, यावर थोडक्यात पण महत्त्वाचे. द्वेषपूर्ण भाषणावर कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता आणि बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना लागू केला. भारतीय न्याय संहितेची १९६, २९९ आणि ३५३ ही कलमे त्यासाठी आहेत. पण १९६ किंवा २९९ खाली न्यायालयात खटला चालवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ प्रमाणे सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि प्रकरणे तिथे मुरतात. गुन्हा दाखल झाला म्हणून लोक शांत होतात, मंजुरी येत नाही म्हणून वक्ता पुढच्या वर्षी पुन्हा तेच बोलतो. आयुक्त महोदय, दर तीन महिन्यांनी एवढेच जाहीर करा: मंजुरीचे प्रस्ताव किती पाठवले, कोणत्या तारखांना, किती प्रलंबित. नावे नकोत, आकडे पुरेत.

महापालिका आयुक्तांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले की आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, अनधिकृत बांधकाम असले तरी पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी हवी. तरीही २४ मार्च २०२५ ला इथे आरोपीचे घर पडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाई थांबवायला सांगितले आणि पुढे महापालिकेला माफी मागावी लागली. त्या घरात राहणारे सगळे आरोपी नव्हते. वर सांगितलेले ७१ टक्के इथे पुन्हा आठवावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या आजीचा संसार रस्त्यावर आलेला पाहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला पुढे कोण येऊन भेटेल आणि काय सांगेल, याची आम्हाला खरोखर काळजी वाटते.

तपासाचेही तसेच. २०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ तारखेला मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतले सर्व बारा आरोपी उच्च न्यायालयात सुटले, त्यांपैकी काही आपल्याच मध्यवर्ती कारागृहात होते. सर्वोच्च न्यायालयाने नंतर एवढेच म्हटले की तो निकाल इतर खटल्यांत दाखला धरू नये. ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. एका खटल्यात आरोपी मुस्लिम, दुसऱ्यात हिंदू. दोन्हीकडे मेलेल्यांच्या घरच्यांना सतरा-एकोणीस वर्षांनीही उत्तर नाही, आणि दोन्हीकडच्या कडव्यांना पुढची वीस वर्षे पुरेल एवढी तक्रार मिळाली. तासाभरात पन्नास जणांना उचलण्यापेक्षा पाच जणांविरुद्ध टिकणारा पुरावा गोळा करा. चित्रफितीची मूळ प्रत, ती कुणाकडून केव्हा घेतली याची नोंद, हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारी संगणकीय खूण), पंच स्थानिक आणि दोन्ही समाजांचे.

शेवटी शांतता समित्या. आपल्याकडे समितीची बैठक सणाच्या चार दिवस आधी ठाण्यात होते, त्याच यादीतले तेच पंचवीस जण येतात, चहा होतो, फोटो निघतो. भिवंडीत १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनंतर, १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वेगळा प्रयोग केला. शहराचे लहान लहान भाग पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या, प्रत्येकीत दोन्ही समाजांची माणसे बरोबरीने, नेते आणि गुंड बाहेर, आणि निमंत्रक त्या भागाचा साधा पोलीस शिपाई. बैठका सणापुरत्या नव्हत्या. नळ, गटार, नवराबायकोची भांडणे, भाडेकरूंचे वाद, सगळे तिथेच यायचे. त्यामुळे माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या एका सविस्तर अभ्यासात असेच दिसले: सुमारे ४६ टक्के बळी फक्त आठ शहरांत गेले होते, आणि शांत राहिलेल्या शहरांत दोन्ही समाजांच्या सामाईक संस्था होत्या, व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, डॉक्टरांच्या. त्या आठ शहरांत नागपूर नाही. ते त्या यादीत कधीही जाऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सामाईक जागा आपल्याकडे आहेत. इतवारीतला किराणा आणि सराफा, गांधीबागेतला कापडाचा बाजार, विणकरांच्या सोसायट्या, ऑटो संघटना, कळमन्याचे अडते. सूफी संत ताजुद्दीन बाबांना सक्करदऱ्याच्या वाड्यात मानाने ठेवून घेणारे राजे रघुजीराव भोसले याच शहरातले, आणि बाबांच्या ताजबाग दर्ग्यात आजही सगळ्या धर्मांची माणसे जातात. समितीचे सदस्य या जागांतून घ्या. एका बीटला एक समिती, वीस-बावीस जण, निम्म्या बायका. मार्चमध्ये सगळ्यात आधी दारे लावून घेणाऱ्या आणि पोरांना आत ओढणाऱ्या बायकाच होत्या, आणि आपल्या समित्यांत त्याच नाहीत. सदस्य दोन वर्षांनी बदला. राजकीय पक्षाचा पदाधिकारी असेल तर त्याला निमंत्रित म्हणून बोलवा, सदस्य करू नका.

पहिल्या बैठकीचा विषय गटाराचा असू द्या. आणि ती रात्री नऊनंतर ठेवा, ठाण्यात नको, मनपाच्या शाळेत किंवा समाजभवनात. ठेलेवाले, ऑटोवाले आणि दुकानांतले नोकर त्याआधी मोकळे होत नाहीत. आमच्यापैकी जे ज्या बीटमध्ये राहतात ते तिथे नोंदी लिहायला येतील.

कळावे,
आपले,
धार्मिक हिंसाचार आणि सलोखा या विषयांवर काम करणारे नागपूरचे काही नागरिक